‘आते काय ऱ्हायनं?’

गेल्या हिवाळ्यात महिला मंडळाची सहल पितळखोऱ्याला नेली. चाळीसगावच्या बाईला पितळखोरं म्हणजे माहेरच. कन्नड घाट चढून वर गेलं की गौताळ्याच्या डोंगरात आपली लेणी. डबे, सतरंज्या, नातवंडं, सगळं बरोबर. गाडीत भीमगीतं चालू, टाळ्या चालू. पण लेण्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या समोर आल्या आणि निम्म्या बायका वरच थांबल्या. एक म्हणाली, “तुम्ही जा वं, मी आठेच बससू.” तिच्याजवळ दुसरी बसली, मग तिसरी. आम्ही खाली जाऊन वंदना घेऊन तास-दीड तासाने वर आलो, तेव्हा त्या तशाच डब्यांची राखण करत बसलेल्या, एकमेकींच्या गुडघ्यांना बाम चोळत.

त्यांच्यात सगळ्यात थोरली सदुसष्ट वर्षांची होती. धाकटी एकावन्न. परत येताना त्या एकावन्नच्या बाईला आम्ही म्हटलं, “अक्का, पुढच्या वर्षी खाली उतरायचं बरं का.” तिने हात झटकला आणि म्हणाली, “आते मनं काय ऱ्हायनं?”

आता माझं काय राहिलं. हे वाक्य आपल्या वस्तीत कुठल्याही ओट्यावर ऐकू येतं. पाळी गेली, सून आली, एक नातू झाला, की बाई स्वतःच स्वतःला म्हातारी ठरवते आणि घरचे लगेच ‘हो’ म्हणतात. पाळी साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जगायची असतात. म्हणजे लग्न झाल्यापासून लेकरं मोठी होईपर्यंत जेवढा काळ गेला, जवळजवळ तेवढाच पुढे आहे. एवढ्या वर्षांना ‘काय राहिलं’ म्हणायचं? आमच्या मते गुडघा, साखर, बीपी हे आजार आहेतच, पण त्यांच्या आधी हे वाक्य बाईला आजारी पाडतं. ज्या बाईचं काही राहिलेलंच नाही, ती दवाखान्यात कशाला जाईल, चष्मा कशाला करेल आणि चार पावलं कशाला चालेल?

यात आमचाही दोष आहे आणि तो आधी कबूल करतो. या आरोग्यपानावर आम्ही गरोदर बाईचा आहार लिहिला, बाळाचं लसीकरण लिहिलं, मुलींचा अशक्तपणा लिहिला. पन्नाशीपुढच्या बाईसाठी काय लिहिलं, म्हणून जुने अंक काढून बसलो. फार काही सापडलं नाही. जयंतीला भाजी निवडायला, विहार झाडायला, मोर्चात पुढे बसवायला या बायका आम्हाला हव्या असतात. त्यांचं पुढचं आयुष्य कसं जावं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पितळखोऱ्याच्या लेण्यांत दानाचे लेख कोरलेले आहेत. त्यात मगिल नावाच्या एका राजवैद्याचं दान आहे आणि त्याच्या मुलीचंही वेगळं दान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात वैद्याच्या लेकीचं दान दगडावर कोरलं गेलं. वर बसलेल्या आमच्या बायकांना ते बघता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिली. म्हणून हा लेख.

धम्मात म्हातारपण म्हणजे कोपऱ्यात बसणं असं कुठेही नाही. थेरींमध्ये सोणा थेरीची कथा आहे. तिला दहा मुलं. नवरा संघात गेला, तिने सगळी मालमत्ता मुलांत वाटून दिली आणि मग त्याच मुलांच्या घरात तिचा मान गेला. ही कथा श्रावस्तीची आहे, पण चाळीसगावात कुणाला नवी वाटणार नाही. सोणा म्हातारपणी भिक्खुणी झाली. शरीर थकलेलं, बरोबरच्या तरुण. परंपरा सांगते की ती रात्री एका खांबाला हाताने धरून, खांब न सोडता साधना करीत असे. पुढे तथागतांनी तिला उद्योगी भिक्खुणींमध्ये श्रेष्ठ म्हटलं. खांब धरून का होईना, पण उभं राहायचं, हे तिच्याकडून घेण्यासारखं आहे. या खांबाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

इथे एक अवघड गोष्ट बोलायची आहे. दर ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती करतो आणि प्रत्येक भाषणात त्याग, त्याग आणि त्याग ऐकतो. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या तेव्हा त्यांचं वय सदतीस होतं. लेकरं गमावलेली, शरीर आजारपणाने पोखरलेलं. त्यांना म्हातारपण बघायलाच मिळालं नाही. त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या त्यागाचं नाव घेऊन आज कुणी घरातल्या बाईला ‘रमाईनं किती सोसलं, तू एवढ्याशा दुखण्याचं काय घेऊन बसली’ असं म्हणत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. रमाईंना जे सोसावं लागलं ते गरिबीने आणि जातीने लादलेलं होतं. तसं कुणाला पुन्हा सोसावं लागू नये, यासाठीच तर सगळी चळवळ.

आणि ज्यांना पुढची वर्षं मिळाली त्यांनी काय केलं बघा. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. सामान बांधून द्यायची रद्दी वाचता वाचता वाचनाची गोडी लागली आणि घरच्यांपासून लपवून वह्या लिहिल्या. वीस वर्षं त्या वह्या लपलेल्या होत्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तक होऊन आलं ते १९८६ साली, तेव्हा बेबीताई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ आलं. शांताबाईंनी सगळी हयात मास्तरकी केली आणि लिहायला बसल्या त्या निवृत्तीनंतर, साठीच्या आसपास. २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा वय शंभराला टेकलं होतं. पेन्शन सुरू झाल्यावर ‘आता माझं काय राहिलं’ म्हणून त्या बसल्या असत्या, तर आपल्या आयांची गोष्ट सांगणारं एक पुस्तक कमी झालं असतं.

आता कुणी म्हणेल, त्या शिकलेल्या होत्या, आमचं काय? तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. बँकेत अंगठा देणाऱ्या बायका सही करू लागल्या. आपल्याकडेही सरकारचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही त्यात नाव घालता येतं, वरची वयाची अट नाही. १७ मार्च २०२४ ला राज्यभर त्याची परीक्षा झाली, १५० गुणांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरांना विचारलं की नाव नोंदवतात. ‘शिका’ हा शब्द बाबासाहेबांनी फक्त पोरांसाठी ठेवला होता, असं आम्हाला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पण शिकायचं तर आधी दिसायला पाहिजे. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसतं, म्हणून तर वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. हा आजार नव्हे, सगळ्यांनाच होतं. तरी आपल्या घरात चष्मा मिळतो तो शाळेतल्या पोराला आणि नोकरीवाल्या माणसाला. आजी सुईत दोरा नातीकडून ओवून घेते, गोळीच्या पाकिटावरची तारीख वाचत नाही आणि मोबाईलवर आलेला निरोप दुसऱ्याकडून ऐकते. डॉक्टर मंडळींच्या जगभरच्या अभ्यासातून आता असं पुढे आलं आहे की न सुधारलेली नजर, कमी ऐकू येणं आणि माणसांत न मिसळणं, या तिन्ही गोष्टींनी म्हातारपणी स्मृती जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे ‘म्हातारीला चष्मा कशाला’ हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू निघाला तर सरकारी रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. पासष्ट वर्षं पूर्ण असतील आणि घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, कानाचं यंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात. सत्तरीच्या पुढे गेलेल्या कुणाचंही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान कार्ड निघतं. कार्ड आधी काढून ठेवा, आजार आल्यावर रांगेत पळू नका. तपासायला जायला भाड्याची अडचण सांगू नका, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही.

गुडघ्यांचं बोलू, कारण पितळखोऱ्याला अडवलं ते त्यांनीच. आपल्या बायकांचे गुडघे कशाने झिजले हे आम्ही सांगायला नको. कापूस वेचायला वाकून, निंदायला उकिडवं बसून, दुसऱ्याच्या घरच्या फरशा पुसून, डोक्यावर हंडे वाहून. पण ‘झिजले म्हणजे आता हलायचं नाही’ ही समजूत साफ चुकीची आहे. गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू. बसून राहिलं की ते स्नायू वाळतात आणि गुडघ्यावर जास्तच भार येतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांनाही आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल करायला सांगते आणि वर आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम. ‘आम्ही दिवसभर कामच करतो’ असं बायका म्हणतात. बरोबर आहे. पण त्या कामाने अंग झिजतं, सारखं एकाच बाजूने. व्यायाम वेगळा.

काय करायचं? भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. पहिल्या आठवड्यात पाच वेळाच जमलं तरी पुरे. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर टेकून उठा, महिन्याभराने बघा. मग सोणा थेरीसारखा खांब धरायचा, घरात खांब नसेल तर दाराची चौकट. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, हळू खाली यायचं. नंतर एकेक पाय उचलून दहा अंक मोजायचे. दुखतं थोडं, ते चालेल. गुडघा सुजला, लाल झाला, गरम लागला तर मात्र थांबून डॉक्टरला दाखवा. आणि रोज रोज दुखण्याची गोळी खाणं बंद करा. मेडिकलवाल्याला ‘ती गुडघ्याची लाल गोळी’ म्हणून मागितलेल्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात, किडनी जाते, आणि बीपी-साखर असलेल्या बाईला तर धोका दुप्पट. कंबरेत ‘जादूचं’ इंजेक्शन घेऊन आठ दिवस टुणटुणीत होणाऱ्या बायकांनी त्या डॉक्टरला आत काय भरलंय ते चिठ्ठीवर लिहून मागावं. बघू किती जण लिहून देतात.

तोल का सांभाळायचा? चाळीसगावच्या माणसाला पडण्याची गोष्ट सांगायला नको. १९२९ साली याच गावात बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले. टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवायला नकार दिला, म्हणून आपल्यातलाच एक नवखा माणूस टांगा हाकत होता. मोरीवर टांगा अडला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. त्यांनीच हे लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांचं वय अडतीस होतं, हाड जुळलं आणि ते पुढच्या कामाला लागले. पाळी गेलेल्या बाईचं तसं नसतं. पाळी गेल्यावर हाडांतला चुना भराभर कमी होतो. साठी-सत्तरीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर कित्येक बायका पुन्हा पहिल्यासारख्या चालत नाहीत. म्हणून मोरीतलं शेवाळ घासा, रात्री तिकडे जायच्या वाटेवर दिवा ठेवा, झिजलेली चप्पल फेकून द्या.

आणि पोटाला खा. आपल्या खान्देशात कळण्याची भाकरी आहे, ज्वारी आणि उडीद एकत्र. म्हातारपणी अंगातलं मांस टिकवायला डाळी-उसळी लागतातच, आणि आपली कळण्याची भाकरी त्यासाठी चांगली. पण घरात शेवटी जेवणारी बाई काय खाते? उरलेली भाकरी आणि ठेचा. डाळ संपलेली असते. तिच्या वाटणीची वाटी आधी काढून ठेवा, अंडं खात असाल तर तिलाही एक उकडा.

मिश्रीचं नाव काढलं की बायका नाराज होतात. आम्हाला ठाऊक आहे, कुणाची दाढ दुखत होती म्हणून सुरू झाली, कुणी वेचणीला भूक मारायला लावली. पण ती जळकी तंबाखूच आहे आणि तोंडाचा कर्करोग तिने होतो. पंचशीलातलं पाचवं शील म्हणताना दारूड्या नवऱ्याकडे बघायचं आणि कनवटीला मिश्रीची डबी ठेवायची, हे काही जुळत नाही. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड पुरतं न उघडणं, यातलं काही असेल तर आजच दाखवा. आपल्या उपकेंद्रात म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी, साखर, तोंड तपासतात, बायकांच्या स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी होते. आशाताईला सांगितलं की ती घेऊन जाते. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तर ‘पाळी परत आली’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

याच्या उलट बाजूही आहे. आमच्यातल्याच एकीला अडतिसाव्या वर्षी एका खासगी दवाखान्यात ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ म्हणून सांगितलं. तुकडा तपासायला पाठवला नाही, दुसरा डॉक्टर विचारला नाही. कर्ज काढून पिशवी काढली. चाळिशीत तिची हाडं दुखायला लागली. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ऊसतोडीला आपल्या भागातूनही बायका जातात. पिशवी काढणं कधी कधी खरंच गरजेचं असतं, पण सरकारी रुग्णालयातला दुसरा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

हे सगळं वाचून बाई म्हणेल, वेळ कुठला? इथे आमचं म्हणणं घरातल्या पुरुषांना आहे. सून वेचणीला, कामाला जाते, म्हणून आजी नातवंडं सांभाळते. सुनेचा यात दोष नाही, तिच्यामागेही पोट आहे. पण चार वाजता विहाराच्या ओट्यावर कॅरम खेळणारे, पारावर बसून राजकारण ठरवणारे बाप आणि आजोबा याच घरांतले आहेत ना? संध्याकाळचा दीड तास लेकरं त्यांनी घ्यावीत. रोज. समतेवर भाषण देणारे बरेच आहेत, नाक पुसायला मात्र आजीच लागते.

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालू होतं. नेहमीप्रमाणे नववीतली मुलगी वाचायची, म्हाताऱ्या मागे बसून ऐकायच्या, काही पेंगायच्या. एक दिवस ती मुलगी आली नाही. चौथी शिकलेल्या एका बाईला आम्ही पुस्तक दिलं. ती म्हणाली, मला दिसत नाही. शेजारणीने स्वतःचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. अक्षराला अक्षर जोडत तिने अर्धं पान वाचलं, वीस मिनिटं लागली. कुणी पेंगलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन पुस्तक उघडून बसली होती, शेजारणीचा चष्मा घरून मागून आणलेला. आता तिचा स्वतःचा आहे.

आमची विहार समितीकडे एवढीच मागणी आहे, येत्या आषाढी पौर्णिमेपासूनचं वाचन पन्नाशीपुढच्या बायकांकडे द्या. वेळ लागेल, लागू द्या. वाचनाच्या आधी पाऊण तास व्यायाम. तो सुरूही झाला आहे. रोज पाच वाजता सात जणी जमतात, त्यांत ती एकावन्नची अक्का आहे. पहिल्या दिवशी खुर्चीवरून तीनदा उठली, परवा अकरा वेळा. डिसेंबरात गाडी पुन्हा पितळखोऱ्याला न्यायची ठरली आहे. विहारात खुर्च्या चारच आहेत, म्हणून येताना प्रत्येकीने घरून एक खुर्ची आणावी. प्लास्टिकची चालेल, फक्त पाय मोडका नको.